बापूंची बचत

आमच्या वरच्या मजल्यावरचे बापू पैसे खर्च करत नाहीत, फक्त वाचवतात. त्यांच्या डायरीत जमा आणि खर्च असे दोन रकाने नाहीत. एकच आहे, ‘वाचले’. सायकलीचा मागचा शॉक नवा घेतला तर 30,000, पुतण्यानं अमेरिकेत वापरलेला शोधून दिला 9,000ला, वाचले 21,000. ‘‘आणि नऊ हजार गेले ते?’’ असं वहिनींनी एकदा विचारलं होतं. ‘‘ते जाणारच होते,’’ असं उत्तर मिळालं. या हिशेबानं सायकलीनं बापूंना आजवर लाखाच्या वर मिळवून दिलेत. त्यातले निदान फ्रिजपुरते तरी बाहेर काढा, ही वहिनींची मागणी अजून विचाराधीन आहे.

सायकल साधी नव्हे. डबल सस्पेन्शनची माउंटन बाइक आहे. पुढं फोर्क, मागं हवेचा शॉक, मधल्या सांध्यांत बेअरिंगं. साल 2007च्या आगेमागचं. सॅन होजेच्या पुतण्यानं ती तिकडं कुणाच्या तरी गराजमधून स्वस्तात उचलली, थोडे दिवस चालवली आणि इकडं येताना खोक्यात घालून काकांच्या गळ्यात मारली. बापूंनी पहिलं काम केलं ते वहिनींच्या हेअर ड्रायरनं फ्रेमवरचे स्टिकर उतरवण्याचं. चोराला मोह नको. त्यामुळं ती कुठल्या कंपनीची हे आता बापू सोडून कुणाला ठाऊक नाही, आणि बापू विचारणाऱ्याला फक्त धातू सांगतात. ‘‘6061 ॲल्युमिनियम.’’

बापूंचा जन्म भोसरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेला. व्हर्नियर आजही शर्टाच्या खिशात असतं. पुरणपोळीलाही लावून झालंय. अशा माणसाच्या हाती ही सायकल यावी हा योगच म्हणायचा, कारण एवढ्या वर्षांत सायकलवाल्यांनी फारसं कुठलंच माप जागेवर ठेवलेलं नाही. 26 इंची चाकं जाऊन 27.5 आणि 29 आली. मागच्या हबची रुंदी 135 मिलीमीटर असायची, ती 142 झाली, मग 148. फोर्कची नळी वरपासून खालपर्यंत सरळ असायची, आता ती खाली दीड इंचापर्यंत फुगते. नऊ गिअर होते तिथं बारा. दुकानातलं पोरगं सायकलीकडं बघतं आणि म्हणतं, ‘‘अंकल, याचं आता काही येत नाही. नवीन घ्या.’’ दुसरा एखादा खचला असता. बापूंना ‘येत नाही’ ऐकलं की भूक लागते.

29 इंची चाकांचा विषय मात्र त्यांच्यापुढं काढू नये. ‘‘29 म्हणतात तिच्या रिमचं माप किती? 622. आणि आपल्या दूधवाल्याची काळी 28 इंची? 635. आता सांग, मोठं कोण?’’ हे खरं आहे. पण ते सिद्ध करायला बापूंनी दूधवाल्याला भर सकाळी खाली थांबवून त्याच्या चाकाला टेप लावली, आणि त्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगचा चहा उशिरा झाला. त्यांच्या सायकलीला कुणी भंगार म्हटलं, की 1976 साल निघतं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत डोंगरउताराच्या पहिल्या शर्यती झाल्या, त्या पोरांकडं तरी कुठं नव्या सायकली होत्या? तीस-चाळीस वर्षं जुनी जाडजूड धुडं, त्यांनाच इकडचं तिकडचं जोडलेलं. उतरताना मागच्या हबातलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. ‘‘म्हणजे हा खेळच मुळात जुन्या सायकलींचा आहे,’’ बापू म्हणतात. ‘‘नवी सायकल ही नंतरची भेसळ.’’

जुन्या सायकलीवर पैसे कुठल्या क्रमानं घालावेत, हे बापूंइतकं नेमकं सांगणारा मला तरी भेटलेला नाही. आधी टायर. मग ब्रेकचे पॅड. मग फोर्क आणि शॉकचे सील नि तेल. हँडल रुंद, स्टेम आखूड. बस्स. चाकं आणि फोर्क नवे घ्यायचे नाहीत, कारण त्या मापाचं काही पुढच्या सायकलीला कामी येत नाही. वेताळ टेकडीवर भेटणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ते हे तोंडपाठ सांगतात, आणि पोरांच्या सायकली खरोखर सुधारतात. स्वतः बापूंनीही हे सगळं पहिल्याच उन्हाळ्यात उरकलं होतं. पंचाईत अशी झाली की एवढ्यानं सायकल उत्तम चालायला लागली. आता पुढं करायचं काय?

मग पुढची तीन चक्रं काढून एकच ठेवायचं निघालं. त्यासाठी मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट सेट आला. मागं गिअर नऊच, पण सगळ्यांत मोठ्या चक्राला 42 दाते, आणि कॅसेट जुन्याच हबवर बसते. सौदा शहाणपणाचा, मी नावं ठेवणार नाही. त्यातून पुढचा डिरेलर, एक शिफ्टर, एक केबल आणि सुटी चक्रं मोकळी झाली. बापूंच्या घरातून काहीही बाहेर जात नाही. 44 दात्यांचं चक्र आता वहिनींच्या ओट्यावर अडणी म्हणून आहे. आमटीचं पातेलं त्यावर पक्कं बसतं. डायरीत नोंद आहे: ‘अडणी, वाचले 120.’

खरी मजा ड्रॉपर पोस्टच्या वेळी आली. ड्रॉपर म्हणजे बटण दाबलं की उतारावर सीट खाली जाते ती सोय. कुणाकडून तरी जुना मिळाला, पण त्याचा व्यास 30.9 आणि फ्रेमच्या नळीचा 31.6. मधे घालायची तयार पुंगळी मिळते. बापूंनी किंमत ऐकली. ‘‘पत्र्याच्या गुंडाळीला पाचशे रुपये?’’ आणि मला वर बोलावून माझ्या हातात कोल्ड्रिंकचा कॅन ठेवला.

‘‘पी.’’

‘‘बापू, मला ॲसिडिटी आहे.’’

‘‘मग सावकाश पी. पण पत्रा दाबू नकोस.’’

कॅन रिकामा झाल्यावर त्यांनी तो कात्रीनं उभा चिरला, पत्रा धुतला, पुसला आणि मायक्रोमीटरमध्ये धरला. 0.1 मिलीमीटर. फरक 0.7चा, म्हणजे प्रत्येक बाजूला 0.35. ‘‘साडेतीन वेढे,’’ बापू म्हणाले.

‘‘वा! मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, शहाणेही साडेतीनच.’’

‘‘अर्धा वेढा चालत नाही,’’ बापू चेहरा जराही न हलवता म्हणाले. ‘‘पोस्ट एका अंगाला जाईल. तीन घालू, उरलेलं क्लॅम्प बघून घेईल.’’ एका कॅनच्या पत्र्यात दोनच वेढे निघतात, म्हणून मला दुसरा कॅनही प्यावा लागला. कडा त्यांनी बारीक पॉलिश पेपरनं इतक्या मऊ केल्या की बाळाच्या गालावरून फिरवाव्यात. वरची कड दुमडून कॉलर केली, म्हणजे पत्रा नळीत उतरायला नको. ग्रीसचा हात फिरवला आणि पोस्ट आत सारला. तो जो चपखल बसला, की बापूंनी डोळे मिटून घेतले. कारखान्याचं बक्षीस घेतानाच्या फोटोतसुद्धा त्यांचा चेहरा असा दिसत नाही. वाचले 420. माझी गोळी हिशेबात नाही.

बेअरिंगांच्या बाबतीत मात्र मी त्यांना हात जोडतो. सांधे कुरकुरायला लागले तेव्हा तिकडच्या किटची किंमत बघून पुतण्याही गप्प झाला. बापूंनी जुनं बेअरिंग काढलं, कडेवरचा नंबर भिंगातून वाचला, 6900, आणि बेअरिंगच्या दुकानातून मूठभर घेऊन आले. आतून 10, बाहेरून 22, जाडी 6. जगभर हेच माप. ‘‘बेअरिंगला काय माहीत ते सायकलीत आहे की पंपात?’’ घरच्या व्हाइसमध्ये बोल्ट आणि दोन सॉकेट लावून ते दाबून बसवले. सायकल अशी गप्प झाली, की बापूंना दोन दिवस चुकल्यासारखं वाटत होतं.

शॉकची हवा हा घरगुती विषय आहे. बापू हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली अशा पूर्ण पोशाखात जिन्यातल्या भिंतीला टेकून सायकलीवर बसतात आणि रबरी रिंग किती सरकली ते वहिनी वाचतात. स्ट्रोक 50 मिलीमीटरचा, त्यात 12 ते 15 दबायला हवा. दिवाळीनंतर आकडा 17 येतो. ‘‘चकल्या,’’ वहिनी म्हणतात आणि बापू पंप जोडतात.

आणि चालवतात का? चालवतात की. रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर, चढाला बऱ्याचदा ढकलत. मुरमाच्या उतारावर सीट खाली घालून सुटले की फिरायला आलेली मंडळी ‘‘अहो काका!’’ म्हणून बाजूला होतात. मी एकदा मागून पाहिलंय. माणूस साठीचा, पण वळणं सुरेख घेतो. खाली आल्यावर मात्र उताराबद्दल एक शब्द नाही. कान फ्रेमला लावून उभे. ‘‘ऐकलंस? खालून येतंय. बॉटम ब्रॅकेट असणार.’’

परवा पुतण्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. त्यानं 29 इंची नवी सायकल घेतलीय, कार्बनची, बारा गिअरची. पण गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, आता चालवणं बंद. ‘‘काका, डिसेंबरमध्ये येतोय, तुम्हालाच घेऊन येतो. एक पैसा नको.’’ वहिनींचा चेहरा उजळला. फ्रिज दिसायला लागला असावा. बापूंनी त्याला फ्रेम-नंबरसकट सगळी मापं पाठवायला सांगितली, चष्मा लावला, डायरी काढली आणि बराच वेळ दोन्ही सायकलींचे आकडे शेजारी शेजारी मांडत बसले. चाकं नाहीत. फोर्क नाही. हब नाही, शॉक नाही, कॅसेटही नाही.

‘‘नुसती अडगळ होईल,’’ ते शेवटी फोनवर म्हणाले. ‘‘ग्रिप आणि पेडल तेवढी आपल्याला बसतात. तेवढी काढून आण.’’