लाटखोर

एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे पाऊस कमी आणि लाट मोठी, या दिवसांत दक्षिण सुमात्रातल्या क्रुईच्या किनाऱ्यावर एक जमात उतरते. ऑस्ट्रेलियाचा असो की ब्राझीलचा, नमुना तोच. उन्हाने भुरकटलेले केस, नाकाला पांढरं मलम, अंग उघडं आणि काखेत पुरुषभर उंचीची फळी. मी त्याला लाटखोर म्हणतो.

गाव पुरतं पाहायच्या आत लाटखोराची गावाबद्दलची मतं तयार असतात. "इथे कुणाला घड्याळ माहीत नाही," असं तो सांगतो, ते मोबाईलवरून नजर न काढता. भरती कधी, वारा जमिनीकडून कुठवर वाहणार, खाली दक्षिण महासागरात उठलेल्या वादळाची लाट इथे कोणत्या दिवशी पोचणार, सगळं त्याला मिनिटागणिक हवं. पहाटेच्या बांगेवर मात्र तो करवादतो. मग अर्ध्या तासात स्वतःच उठून पाण्यात!

"आणि ही माणसं उद्याचा विचार करत नाहीत, किती सुखी!" हे ज्या घरात बसून म्हणायचं, त्या घरचा यजमान तेव्हा टेकडीवर, कमरेला वेताचा दोर बांधून दामरच्या झाडावर चढलेला असतो. खोडाला पाडलेल्या खाचांतली राळ खरवडून टोपलीत भरायची, हे त्याचं काम. दामर लावला की राळ धरायला वीसेक वर्षं जातात. म्हणजे आज्याने लावायचा आणि नातवाने चढायचं. लाटखोराचा उद्या हवामानाच्या अंदाजापुढे जात नाही.

खिशात लाख-लाख रुपियाच्या नोटा असल्याने तो नबाब असतो खरा, पण नारळासाठी पाच हजारांवरून घासाघीस करतो. आपल्या हिशोबाने ते तीस रुपयेही नाहीत.

संध्याकाळी वारुंगात, म्हणजे तिथल्या खानावळीत, स्वारी कॉफी मागवते. पूड खाली बसायच्या आत घोट घेते आणि दातांत चोथा घेऊन हसते. मालकीणबाई समोर येऊन बसतात.

"मिस्टर, लग्न झालं?"

"नाही."

"आई आहे?"

"आहे."

"मग ती काही म्हणत नाही?"

तो हसतो. बाई हसत नाहीत.

"दिवसभर समुद्रात असतोस. मासे मिळतात?"

"नाही, इबू." इबू म्हणजे आई.

बाई उठतात, आत जातात आणि त्याच्या नासी गोरेंगवर, म्हणजे परतलेल्या भातावर, आणखी एक अंडं तळून ठेवतात. त्याचे पैसे लावत नाहीत. लाटखोर ते गावाचं आतिथ्य समजून घरी फोटो पाठवतो.

इथेच कायमचं राहायचं, असं तो दर हंगामाला ठरवतो. विमानतळावर मिळणारा व्हिसा तीस दिवसांचा, वाढवला तर आणखी तीस. तेवढ्यात त्याची गावाबद्दलची मतं दोनदा बदलतात. गावाचं त्याच्याबद्दलचं मत मात्र एकच आहे: पोरगा वाईट नाही, कुणीतरी कामाला लावायला हवा.