राउटरभाऊ

राउटरभाऊंना "झाली का परीक्षा?" असं विचारू नये. विचारायचंच असेल तर आधी जेवून घ्यावं, कारण उत्तराला वेळ लागतो.

परीक्षा म्हणजे सिस्को कंपनीची सीसीएनए. भाऊ बालाघाटात एमपी ऑनलाइनचं दुकान चालवतात. दिवसभर लोकांच्या खसऱ्याच्या नकला काढायच्या, पोरांचे फॉर्म भरायचे आणि शटर पडलं की नेटवर्किंगचा अभ्यास. त्यांचं खरं नाव आधार कार्डावर असेलच. गाव त्यांना राउटरभाऊच म्हणतं आणि रागावली की त्यांची आईही.

असा माणूस प्रत्येक गावात एखादा असतो. त्याला परीक्षेची भीती नसते, निकालाची घाई नसते. आधी सगळं आलं पाहिजे, मग फॉर्म भरायचा, एवढीच त्याची अट. सगळं कुणालाच येत नसतं, त्यामुळे फॉर्म काही भरला जात नाही.

भाऊंनी पहिलं पुस्तक उघडलं तेव्हा बालाघाटहून जबलपूरला नॅरो गेजची गाडी जात होती. 2015 मध्ये ती बंद झाली, रूळ निघाले, पूल नवे झाले आणि 2021 मध्ये त्याच वाटेने ब्रॉड गेजची गाडी धावू लागली. रेल्वेचं काम झालं, भाऊंचं चालूच होतं. दोष सगळा त्यांचा नाही. त्यांनी फ्रेम रिले समजून घेतलं, तर ते 2016 मध्ये अभ्यासक्रमातून गेलं. मग ईआयजीआरपी घोटला. त्याचं मेट्रिकचं लांबलचक सूत्र ते दुकानात गिऱ्हाइकालाही सोडवून दाखवत. 24 फेब्रुवारी 2020 ला 200-301 या क्रमांकाची नवी परीक्षा लागू झाली आणि तिच्यात ईआयजीआरपी नव्हता. त्या दिवशी भाऊंनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. गेलेल्या विषयाच्या जागी ऑटोमेशन नावाचं प्रकरण आलं, दहा टक्क्यांचं. ते जरा कुठे आवाक्यात येतंय, तोवर 2024 च्या ऑगस्टमध्ये एआयची भर पडली.

"जे सिलॅबसमधून गेलं, ते कायले वाचून राहिले भाऊ?" असं एका पोराने विचारलं.

"सिलॅबसमधून गेलं, जगातून गेलं का? कोण्या तरी राउटरमध्ये आजही चालूनच राहिलं असंल ना!"

यावर पोराकडे उत्तर नव्हतं. भाऊंच्या प्रश्नांवर सहसा कुणाकडे नसतंच.

सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. संगणकाच्या पडद्यावर हवे तेवढे राउटर मांडा, जोडा, मोडा. पण पडद्यावरचा स्विच आवाज करत नाही, हे भाऊंना खटकलं. त्यांनी नागपूरहून सेकंडहँड 2950 स्विच आणला. तो लावला की त्याच्या पंख्यापुढे घरातल्या टीव्हीचं काही चालत नाही. त्यात केबल खोचली की पोर्टवरचा दिवा आधी नारिंगी होतो आणि साधारण तीस सेकंदांनी हिरवा. पंधरा सेकंद स्विच नुसता ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, आणि कुठे चक्कर तर होत नाही ना याची खात्री पटल्यावरच वाट मोकळी करतो. रेडिया पर्लमन या बाईंनी 1985 मध्ये ही युक्ती काढली. पोर्टफास्ट नावाची एक आज्ञा दिली की हे तीस सेकंद वाचतात. भाऊ ती मुद्दाम देत नाहीत. जमिनीवर उकिडवं बसून, चष्मा कपाळावर सरकवून, ते दिव्याकडे पाहत राहतात. आतून आईची हाक येते, "जेवून घे ना बाप्पा, भात थंडा होऊन राहिला." भाऊ म्हणतात, "लर्निंगमध्ये आहे, थांब." दिवा हिरवा होतो. मग ते केबल काढून पुन्हा खोचतात.

पाठांतर सकाळी, दात घासताना. एकशे अठ्ठावीस, एकशे ब्याण्णव, दोनशे चोवीस, दोनशे चाळीस... सबनेट मास्कचे हे आकडे ते खड्या आवाजात म्हणतात. भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेले शेजारचे काका कुंपणापाशी येऊन रोज ऐकत. एके दिवशी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "ओपन का क्लोज?"

भाऊ म्हणाले, "ते पोर्टवर आहे."

काका गोंधळले. पण ऐकणारा कान मिळाला म्हटल्यावर भाऊ कसले सोडतात! त्यांनी काकांना अंगणात बसवून खडूने फरशीवर मांडून दाखवलं : स्लॅश सव्वीस म्हणजे चौसष्ट पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, वापरायला उरले बासष्ट. काकांनी मान डोलावली आणि संध्याकाळी सट्ट्यात बासष्ट लावला. तो लागला. तेव्हापासून गल्लीत भाऊंच्या अभ्यासाला मान आहे. सकाळी ब्रश घेऊन ते बाहेर आले की चार माणसं सहज म्हणून उभी असतात. चौसष्टातून दोन का वजा करायचे, हे मात्र त्यांच्यापैकी एकानेही विचारलेलं नाही. भाऊंना दुःख आहे ते तेवढंच.

आता डम्पविषयी. डम्प म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, उत्तरांसकट. त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत असते. गल्लीतल्या एका पोराने ती पंधरा दिवस पाठ केली, पास झाला आणि पेढे घेऊन भाऊंकडे आला. भाऊंनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "डिफॉल्ट गेटवे म्हणजे काय रे?" पोरगा म्हणाला, "ऑप्शन काय काय आहेत?"

त्याच पोराने उपकाराच्या भावनेने ती फाइल भाऊंना पाठवली. भाऊंनी ती उघडली नाही, लगेच पुसली. पण पुसता पुसता पहिल्या प्रश्नाची अर्धी ओळ नजरेला पडलीच. झालं! आता तो प्रश्न परीक्षेत आला तर? भाऊंनी तेव्हा कुठे ठरवलेली तारीख महिनाभर पुढे ढकलली, ती अर्धी ओळ विसरण्यासाठी. महिन्यानंतर त्यांना बाकी बरंच विसरल्यासारखं वाटत होतं, ती ओळ तेवढी लख्ख आठवत होती. तारीख आणखी पुढे गेली. ज्या राज्यात 2013 मध्ये व्यापमंचा घोटाळा उघडा पडला, दुसऱ्याच्या जागी बसून पेपर देणारे पकडले गेले, त्याच राज्यात हा माणूस स्वतःच्या जागीसुद्धा बसायला तयार नव्हता. आणि या प्रामाणिकपणाचा त्यांना थोडाफार गर्व होता, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. डम्पवाल्यांची नावं ते घेत नसत. फक्त "काही लोक" म्हणत आणि त्या लोकांच्या घराकडे पाहत.

शेवटी आईनेच जोर लावला. फी तीनशे डॉलर, कर वेगळा. माउलीने मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाली, "एवढ्यात वर्षभराचा चिन्नोर तांदूळ येते घरात. आता भर एकदाचा फॉर्म."

परीक्षा घरी बसूनही देता येते. पण त्यासाठी खोलीचे फोटो पाठवावे लागतात, भिंतीवर काही लिहिलेलं चालत नाही आणि ओठ हलले तरी पलीकडचा निरीक्षक टोकतो. भाऊंच्या भिंतींवर सबनेटचे तक्ते थेट पंख्यापर्यंत गेलेले आणि पुटपुटल्याशिवाय त्यांना वजाबाकी होत नाही. म्हणून मग गोंदियामार्गे नागपूर.

केंद्रावर खिसे रिकामे करून घेतले, घड्याळ लॉकरमध्ये ठेवायला लावलं, पुसता येणारा बोर्ड आणि मार्कर दिला. सुरुवातीलाच गोपनीयतेचा करार येतो. बाकीची पोरं तो न वाचता 'मान्य' दाबून पुढे जातात. भाऊंनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि वाचायला दिलेला वेळ पुरवून पुरवून वापरला. मग एकशे वीस मिनिटं सुरू झाली. एकदा पुढे गेलं की या परीक्षेत मागे जाता येत नाही. भाऊ एका प्रश्नावर अडले. चारपैकी एकही पर्याय त्यांना पूर्ण बरोबर वाटेना. दुसऱ्या कुणी सगळ्यात जवळचा पर्याय टिचकवला असता. भाऊंनी बोर्डावर आधी नेटवर्कचं चित्र काढलं, त्यातल्या प्रत्येक राउटरचा पत्ता ठरवला आणि मग प्रश्न तपासला.

निकाल जागेवरच मिळाला. नापास.

पाच दिवसांनी पुन्हा बसता येतं. गावाला वाटलं, भाऊ आता आठवडाभर तरी तोंड दाखवणार नाहीत. दुसऱ्या दिवशी ते काली पुतली चौकात चहाच्या टपरीवर हजर, हातात निकालपत्र. त्यात प्रत्येक विभागाची टक्केवारी वेगळी दिलेली असते. भाऊ एकेका ओळीवर बोट ठेवून सगळ्यांना दाखवत होते. "हे पाहा, ऑटोमेशन तीस टक्के. अगदी बरोबर! मले तेवढंच येते. आयपी कनेक्टिव्हिटी ऐंशी. हेही बरोबर. म्हणजे यांनी पेपर नीट तपासला आहे." कंपनीने आपल्याला अचूक नापास केलं, याबद्दल त्यांच्या मनात तिच्याविषयी नवाच आदर होता.

"मग आता पाच दिवसांनी?" टपरीवाल्याने विचारलं.

"पाच दिवसांत ऑटोमेशन? आधी पायथॉन शिका लागंल ना, पहिल्या धड्यापासून."

संध्याकाळी पायथॉनचं पुस्तक घेऊन ते घरी आले. स्विचचा पंखा सुरू झाला. आई ओट्यावर बसून शेजारणीला सांगत होती, "पास झाला असता तं एवढा खूश झाला नसता वं हा."