विश्रामबागेतले आबा

आबा साताऱ्याकडचे, मिलिटरी अपशिंग्याचे. पहिल्या महायुद्धात ज्या गावचे ४६ जवान कामी आले आणि ‘मिलिटरी’ ज्याच्या नावालाच चिकटली, ते गाव. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते लेकीकडे सांगलीला आले आणि नेमके विश्रामबागेत. आबांना तर ‘विश्राम’ हा शब्द ‘सावधान’च्या पाठोपाठच ठाऊक.

नातीला अंगणवाडीत सोडायला गेले आणि दारातच थबकले. “ताई, पोरं लायनीत नाहीत.”

“आबा, तीन वर्षांची हायत वो.”

“मग? हेलसिंकीचं पदक आणणारा आमचा खाशाबा कधीतरी तीन वर्षांचा होताच की!”

दुसऱ्या दिवशी शिट्टी आली. “एक पाय वर!” तीन वर्षांचं पोर एका पायावर जेमतेम क्षणभर टिकतं; लंगडी जमायला चौथं वर्ष उजाडावं लागतं. अख्खी पलटण धबाधबा खाली बसली. “रंगरूट कच्चे आहेत,” आबांनी नोंद केली. डावं-उजवं कळेना म्हणून प्रत्येकाच्या उजव्या पायाला लाल फीत बांधली. दुपारी त्यातल्या चार फिती गल्लीतल्या कुत्र्याच्या चारी पायांना होत्या. कुत्रं मात्र शिस्तीत चालत होतं.

लेक म्हणाली, “आबा, जागतिक आरोग्य संघटना सांगते, या वयाला दिवसभरात १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० तरी दम लागेल अशी. पण ती खेळता खेळता, दिवसभर विखरून.” आबांनी डायरीत लिहिलं : पी.टी., १८० मिनिटं. ‘विखरून’ हा शब्द फौजेत नसावा.

बाराव्या मिनिटाला एकाला शू, दुसऱ्याला आई आणि तिसऱ्याला झोप आली. आबांनी हताश होऊन “विश्राम!” म्हटलं मात्र, झोपाळूसकट सगळी पोरं उठली आणि फाटकावर चढली, डबकं ओलांडून उड्या मारू लागली, गोल गोल धावली. दम आबांना लागला.

त्यात कुणीतरी विष-अमृत काढलं. ‘विष’ मिळालेलं पोर, गडी शिवून ‘अमृत’ देईपर्यंत, पुतळ्यासारखं ताठ! आबांचे डोळे भरून आले. “ताई, बघा, सावधान!” तेव्हापासून शिट्टी खिशात आणि आबा खेळात.

काल मी भाजी घेऊन परतत होतो. अंगणात चिटपाखरू नव्हतं, आतून खिचडीचा वास. आबा एकटेच उन्हात, छाती पुढे, टाचा जुळवून.

“आबा, काय झालं?”

ओठ न हलवता म्हणाले, “विष हाय मला.”

मी हात पुढे केला.

“तुम्ही नगा लावू. तुम्ही खेळात न्हाई.”