एलिव्हेटरचं बेअरिंग कधी तपासलं?

सप्टेंबर आला की कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा गाजू लागतात. एकरकमी एफआरपी, सवलतीची साखर, वजनकाटा, पोटनियम दुरुस्ती. एका बाजूने "मंजूर", दुसऱ्या बाजूने "नामंजूर". सभासदांनो, यंदा एक प्रश्न जास्तीचा विचारा: साखर वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं बेअरिंग शेवटचं कधी तपासलं, आणि कुणी?

प्रश्न किरकोळ वाटेल. तो नाही.

सेंट्रिफ्यूगलमधून बाहेर पडलेली साखर ग्रासहॉपरवरून पुढे सरकते, वाळते आणि बकेट एलिव्हेटर तिला ग्रेडरच्या मजल्यावर नेऊन ओततो. तिथून ती पोत्यात. हा एलिव्हेटर म्हणजे पत्र्याचा बंद, उंच खोका. आत पट्टा नाहीतर साखळी, आणि तिला ओळीने लावलेल्या बादल्या. कोरडा दाणा प्रत्येक ओतण्यात घासतो, फुटतो, त्याचं पीठ होतं. साखरेच्या ढिगाला काडी लावली तर ती वितळते आणि करपते. तीच साखर पिठासारखी होऊन हवेत तरंगत असली, तर ठिणगीसरशी सगळा ढग एकदम पेटतो. स्फोटाला पाच गोष्टी लागतात: जळणारी धूळ, हवा, धुळीचा ढग, बंदिस्त जागा आणि ठिणगी. चालत्या एलिव्हेटरच्या पोटात पहिल्या चार गोष्टी असतातच. पाचवी आणायला कोरडं पडलेलं बेअरिंग पुरतं. किंवा पुलीवर घसरणारा पट्टा, पत्र्याला घासणारी बादली, साखरेसोबत आत गेलेला एखादा नट.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे इम्पिरियल शुगरचा जुना कारखाना होता. तिथे ७ फेब्रुवारी २००८च्या संध्याकाळी साखरेच्या धुळीच्या स्फोटांत १४ कामगार गेले. सायलोखालच्या कन्व्हेयरला आदल्याच वर्षी पत्रे ठोकून बंदिस्त केलं होतं. साखरेत कचरा पडू नये हा हेतू चांगला होता, पण आत साचणारी धूळ बाहेर ओढायची सोय केली नाही. तापलेल्या बेअरिंगने ती पेटवली असावी, असं तिथल्या सरकारी चौकशीत निघालं. पण एवढी माणसं त्या पहिल्या स्फोटाने मारली नाहीत. त्याच्या हादऱ्याने तुळयांवर, पाइपांवर, मजल्यांवर साचलेली धूळ उडाली आणि आग एका मजल्यावरून दुसऱ्यावर धावत गेली. झाडून न काढलेली धूळ तिथे दारूगोळा ठरली.

म्हणून साखरघरातल्या तुळईवर बोट फिरवून बघा. बोट पांढरं झालं तर काम बाकी आहे. आणि ती धूळ कुणी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. त्याने धूळ जात नाही, तिचा ढग होतो.

बॉयलर अग्निप्रदीपनाला चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात, आणि ते योग्यच आहे. बॉयलरसाठी १९२३चा स्वतंत्र कायदा होता, २०२५ मध्ये नवा आला. निरीक्षक येतो, प्रमाणपत्र मिळतं, मगच वाफ धरायची. धुळीबद्दलही कायदा गप्प नव्हता. १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ३७ने स्फोटक धूळ साचू न देणं आणि ठिणगीची कारणं दूर ठेवणं कारखानदारावर बंधनकारक केलं होतं. कलम २८ने लिफ्टची दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि तिची नोंदवही सांगितली होती. आता त्या कायद्याच्या जागी कामगार संहिता आल्या असतील. ती नोंदवही उघडून बघण्याची जबाबदारी संपलेली नाही.

लिफ्टची ही तपासणी कारखान्याच्या डिस्टिलरीत तर जीवनमरणाचा प्रश्न आहे. इथेनॉलमुळे साखर कारखान्यांचं अर्थकारण सावरलं, पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणापर्यंत देश पोचला. पण इथेनॉलची वाफ साधारण १३ अंशांनाच पेट घेण्याइतकी सुटते, म्हणजे कोल्हापुरात जवळपास बाराही महिने. हवेत ती ३ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान असली की स्फोटाला तयार. शिवाय हवेपेक्षा जड, त्यामुळे गळती झालीच तर खाली उतरून लिफ्टच्या खड्ड्यात साचते. तिथे साध्या लिफ्टचा दाराचा स्विच, कॉन्टॅक्टर, तापलेला ब्रेक, यातलं काहीही ठिणगी देऊ शकतं. म्हणूनच अशा जागी फ्लेमप्रूफ सामान लागतं, नागपूरच्या पेसोने, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेने, मान्य केलेलं. पण फ्लेमप्रूफ पेटीचा एक बोल्ट जरी दुरुस्तीनंतर लावायचा राहिला, तरी ती फ्लेमप्रूफ राहिली नाही. वर्षानुवर्षं पाटी तीच दिसते, संरक्षण मात्र त्या एका बोल्टाबरोबर गेलेलं असतं.

धोका फक्त हंगामातच असतो असंही नाही. नागपूर जिल्ह्यात बेला इथल्या साखर कारखान्यात १ ऑगस्ट २०२० रोजी बायोगॅसच्या टाकीजवळ वेल्डिंग चालू असताना स्फोट झाला, पाच कामगार गेले. ऑगस्ट म्हणजे ओव्हरहॉलिंगचे दिवस. कंत्राटदाराची पोरं हातात वेल्डिंगची गन घेऊन सगळीकडे चढलेली असतात. टाकी, खोका, खड्डा रिकामा केला का, धुतला का, आतला वायू मोजला का, हे त्यांना कुणी सांगितलेलं असतं का?

उपाय अवघड नाहीत. अमेरिकेतच लुइझियानात वेस्टवेगोला १९७७च्या डिसेंबरात धान्याच्या कोठाराचा स्फोट होऊन ३६ माणसं गेली. असे स्फोट होत राहिले, तेव्हा दहा वर्षांनी धान्यासाठी तिथे नियम झाला: पट्ट्याचा वेग २० टक्क्यांनी घटायच्या आत एलिव्हेटर आपोआप बंद पडला पाहिजे. वेग मोजणारा सेन्सर, पट्टा सरकला की सांगणारा स्विच, बेअरिंगचं तापमान दाखवणारं यंत्र, वाटेत लोहचुंबक, व्यवस्थित अर्थिंग, आणि स्फोट झालाच तर त्याचा जोर छपराबाहेर सोडणारी झडप. नव्या प्रवेशद्वाराच्या कमानीला मंजुरी देणाऱ्या संचालक मंडळाला हा खर्च जड नाही.

कागल असो, बिद्री असो, शिरोळ असो की वारणानगर, सभासद या कारखान्याचा मालक आहे आणि साखरघरात रात्रपाळीला उभा असलेला बहुतेक वेळा त्याच्याच गावचा. तेव्हा सभेत हात वर करा. एलिव्हेटरला सेन्सर आहे का, लिफ्टची तपासणी कधी झाली, वेल्डिंगचा परवाना कोण देतं, हे तीन प्रश्न लेखी द्या आणि उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय जागेवर बसू नका.