पावणेचौदा क्लिकचा हिशेब

रेटिकल मिलचं आणि टरेट एमओएचं, अशी जोडी एकाच नळीत बसवून नवशिक्यांना विकणाऱ्या कारखानदार साहेबांस,



आपला स्कोप पोचला. काळा रंग झकास आहे, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘मिल-डॉट’ छापलंय, म्हणजे आतल्या रेटिकलवर, नेमाच्या क्रॉसवर, मिल-मिल अंतराचे ठिपके, भिंग पुसायला फडकंसुद्धा दिलंय. टरेटची, म्हणजे नेम वर-खाली सरकवायच्या चकत्यांची, झाकणं काढल्यावर मात्र आत बारीक अक्षरांत कोरलेलं दिसलं: एक क्लिक म्हणजे पाव एमओए. साहेब, एवढ्या मोठ्या खोक्यावर हे छापायला जागा उरली नव्हती?

परवा रेंजवर २५ मीटरवर एअर रायफल झिरो करत होतो, म्हणजे क्रॉस आणि पेलेट एका जागी आणत होतो. ग्रुप छान आवळून बसला होता, पण क्रॉसच्या बरोबर एक ठिपका खाली. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, “एक मिल खाली आहे ना? दहा क्लिक वर घे, संपलं.” त्यांचं संपलंच असतं, त्यांच्या स्कोपचा क्लिक ०.१ मिलचा आहे. मी दहा क्लिक फिरवले. पेलेट वर सरकलं आणि मध्याच्या जवळजवळ सात मिलिमीटर खाली बसलं. काकांनी आधी माझ्या ट्रिगरला दोष दिला, मग श्वासाला, मग स्प्रिंगला. आपल्यावर कुणाचा संशय गेला नाही. अभिनंदन!

हिशेब सांगतो. एक मिल म्हणजे ३.४३८ एमओए, म्हणजे आपल्या टरेटवर पावणेचौदा क्लिक. आता तेरा फिरवू की चौदा? पाऊण क्लिक कुठे मिळतो? आमच्या आजोबांच्या पिढीनं शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, अडीचकी घोकली, औटकीपर्यंत म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत मजल मारली. ३.४३८ चा पाढा मात्र कुठल्याही पंतोजीनं छडीच्या जोरावरही पाठ करून घेतला नव्हता. ते काम आपण मनावर घेतलंत.

आपण म्हणाल, चौदा फिरवा की, २५ मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही. अहो, पण गाल स्टॉकला टेकलेला, श्वास अर्धा सोडून रोखलेला, बोट ट्रिगरच्या पहिल्या दाबावर, आणि डोक्यात चाललाय दशांशांचा गुणाकार! त्यातून आपले ठिपके खरे फक्त १० एक्सवर. झूम ५ एक्सवर आणला की तोच एक ठिपका दोन मिलचा होतो आणि हिशेब साडेसत्तावीस क्लिकवर जातो. हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर तळाला सापडतं. पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर बांधलाय, त्यामुळे १० मीटरवरचं टार्गेट धूसर दिसतं; त्याबद्दल आज बोलत नाही. १९५७ साली आणे-पै सोडून दशमान नाण्यांवर आलेल्या देशाला आपण यार्ड आणि इंच विकता, त्याबद्दलही नाही.

गंमत म्हणजे नवशिक्याला सगळे एकाच वादात अडकवून ठेवतात: एमओए घेऊ की मिल? दोन्ही मापं कोनाचीच. एमओए अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर. मिल रेडियनचा हजारावा भाग, १०० मीटरवर सरळ १० सेंटिमीटर. पाव एमओएचा क्लिक थोडा बारीक, म्हणून कागदावर नेम धरणाऱ्यांना तो आवडतो. मिलचा हिशेब मीटरवाल्यांना तोंडी जमतो. कुठलंही घ्या, नेम शिकता येतो. सोनं तोळ्यात घ्या नाहीतर ग्रॅममध्ये. पण वजन एकात आणि भाव दुसऱ्यात सांगणाऱ्या सराफाकडे कुणी पुन्हा जाईल का? आपल्याकडे मात्र रांग लागते, कारण आमची अर्धी अक्कल ‘एमओए की मिल’मध्येच खर्ची पडलेली असते.

वर ऐकवणारे आहेतच, “स्कोप हवाय कशाला? कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते दुर्बिणीविनाच.” खरंय. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. पण म्हणून माझ्या दुर्बिणीनं खोटं बोलावं, असा नियम कुठे आहे?

खरं सांगायचं तर आपली थोडी कीवही येते. ही जोडी काही आपण शोधली नाही. अमेरिकी लष्कराच्या एम-२४ रायफलीवरच्या स्कोपमध्येही ठिपके मिलचे आणि क्लिक एमओएचे होते. शिवाय दुकानात येणारं गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं: “किती एक्स?” बत्तीस म्हटलं की ते खूश. रेटिकल आणि टरेट जुळवून दिलं तर खोक्यावर मिरवायला नवीन काहीच नाही, आणि मागितलं नाही ते आपण का द्यावं?

पण साहेब, त्या सैनिकांना हा हिशेब शिकवायला अख्खी प्रशिक्षण शाळा होती. आम्हाला आपण फडकं दिलंत. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि जो आधीच तरबेज आहे, त्याला जुळलेली जोडी मिळते. ज्याला काहीच येत नाही, नेमकी त्याच्या गळ्यात विजोड जोडी बांधता. ही काटकसर नव्हे, ही लबाडी आहे. पोरं महिनोन्‌महिने स्वतःच्या हाताला दोष देत बसतात आणि एक दिवस रायफल माळ्यावर टाकतात.

तेव्हा एकच करा. ‘मिल-डॉट’च्या खाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा: ‘क्लिक मात्र एमओएचे.’ खप घटेल म्हणता? मग घटू द्या की! तेवढीही हिंमत नसेल, तर तो पाऊण क्लिक वेगळ्या पुडीत बांधून पाठवा. टपालखर्च मी देईन.

कळावे, लोभ मुळीच नसावा.

आपलंच एक गिऱ्हाईक