साडेबारा टक्क्यांचा डॉन

गेले तीन आठवडे माझ्या पाठीवर ड्रॅगन गोंदलेला आहे, अशी माझी समजूत आहे. प्रत्यक्षात तिथे घामोळं आहे. पण रात्री साडेअकराला घर झोपलं, मी हॉलमध्ये बनियनवर बसलो आणि गेमचा कंट्रोलर हातात आला, की तळवलीच्या गावठाणात माझ्याएवढा धोकादायक माणूस नसतो. परवा भाजीवाल्याने जुड्या मोजताना एक कमी टाकली, तर मी मान जराशी तिरकी करून त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने विचारलं, "मान आखडली का भाऊ?"

हे लचांड पुतण्याने लावलं. 'याकुझा झीरो' हा गेम लावून देताना म्हणाला, "काका, तुला आवडंल. जागेचं लफडं हाय."

पोरगं हुशार आहे. १९८८ सालचं टोकियो. शिंजुकूतल्या काबुकिचोवर बेतलेली कामुरोचो नावाची वस्ती. पैशाला तोटा नाही आणि जमिनीला सोन्याहून भाव. तिथे इमारतींच्या बेचक्यात एक मोकळी जागा आहे, इतकी चिमुकली की आमच्याकडे तेवढ्यात दोन बुलेट लावायच्या म्हटल्या तरी भांडण होईल. सगळा परिसर पाडून नवा करायचा आणि नेमका हाच तुकडा कोणाच्या नावावर आहे ते कळत नाही! टोळीचा म्होरक्या सांगतो, जो ही जागा आणील तो माझा उजवा हात. लगेच तीन दांडगे हाताखालचे एकमेकांच्या उरावर. त्यात त्या जागेत खून होतो, आळ किर्यू नावाच्या पोरावर येतो. पाठीवर ड्रॅगन गोंदलेला हा किर्यू म्हणजे खेळताना आपण.

अमेरिकेतलं कुणी खेळत असेल तर त्याला ही गोष्ट रहस्यमय वाटत असेल. मला तर ती आमच्या नाक्यावर अर्धवट ऐकल्यासारखी वाटली. साडेबारा टक्के, सातबारा, वारसनोंद, गरजेपोटी बांधलेली घरं हे शब्द नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या आमच्या गावांत पोरं बाराखडीच्या आधी शिकतात. पहिल्या रात्री मी पुतण्याला चार वेळा थांबवून समजावलं, "आता बघ, ह्यांना आधी वारस शोधायला पाहिजे." तो म्हणाला, "काका, तू खेळ ना."

किर्यूबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. तो विशीचा असून चाळिशीचा दिसतो. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी नेमकं उलटं सांगत फिरतो, तर बायकोचं म्हणणं की मला आरशाचा नंबर काढायला पाहिजे. दुसरी म्हणजे एवढा नावाजलेला गुंड आणि गळ्यात मनासारखं सोनं नाही. आगरी माणूस असल्या डॉनवर विश्वास कसा ठेवणार? आमच्याकडे हळदीला वाजंत्री वाजवणाऱ्याच्या गळ्यात त्याच्याहून जास्त असतं. बाकी 'याकुझा' हा शब्दच हरलेल्या डावाचा. आठ, नऊ, तीन ही पत्त्यांची बेरीज वीस, म्हणजे त्यांच्या हिशेबात शून्य. आमच्या तीनपत्तीत असा डाव आला की माणूस गप पत्ते टाकतो. त्यांनी त्याचीच टोळी काढली.

आता कोंबडी.

कोंबडीबद्दल थोडक्यात लिहावं असं बायकोने सुचवलंय, पण ते मला जमणार नाही. झालंय असं की किर्यू टोळी सोडून चक्क जागांच्या धंद्यात शिरतो (हा प्रवास आमच्या भागात दोन्ही दिशांनी होतो). दुकानं विकत घ्यायची, वस्ती काबीज करायची, दर थोड्या वेळाने वसुली आणायची. त्यासाठी मॅनेजर नेमावे लागतात. आणि त्या वस्तीत बोलिंगचा अड्डा आहे. तिथे सलग तीन वेळा सगळे खुंटे पाडले तर त्याला टर्की म्हणतात, म्हणून बक्षीस म्हणून पक्षी देतात. टर्की नसावी बहुतेक स्टॉकमध्ये. कोंबडी देतात. जिवंत, पांढरी. नाव नगेट!

ही कोंबडी तुमच्या इस्टेट एजन्सीत मॅनेजर होते.

मी रात्री दीडला एकटा खदखदून हसलो आणि मग गंभीर झालो. तिची फाइल उघडून पाहिली. तिला वस्ती दिली. ती गेली, वसुली घेऊन आली. टोकन मागितलं नाही, 'दोन्हीकडून दोन टक्के' म्हणाली नाही, पार्टी बघायला आली की फोन बंद ठेवला नाही. माझा मेव्हणा बारा वर्षं एजंट आहे, त्याने मला एक भाडेकरू दिला, तो भाडं न देता गावाला गेला. आमच्या घरात आजवर एकही कोंबडी रविवारच्या पुढे टिकलेली नाही, पण नगेटसाठी मी हिला सांगितलं, या महिन्यात गावठी आणू नकोस, मला कसंतरी होतं. ती म्हणाली, "तुला पगार तरी देते का ती?" कालची रात्र सोडली तर गेले कित्येक दिवस मी मूळ कथेत एक पाऊल पुढे टाकलेलं नाही. खून, आळ, टोळी सगळे थांबलेत. मी आणि नगेट मिळून वस्त्या घेतोय.

थांबायचं खरं कारण दुसरं आहे.

त्या मोकळ्या जागेचा वारस अखेर सापडतो. एक मुलगी, डोळ्यांनी अधू, आजोबांकडून ती जागा तिच्याकडे आलेली. टोकियोपासून ओसाकापर्यंत सगळे दांडगे तिच्या मागे. तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नसतं. आपण अर्थातच तिला वाचवणाऱ्यांच्या बाजूचे. मीही छाती काढून बसलो होतो.

आमच्या हक्काच्या लढ्याचं सांगायची मला फार हौस आहे. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या हाकेवर १९८४ च्या जानेवारीत जासईला जे गेले त्यांत माझे वडील होते. पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत द्यायचं तत्त्व आलं. मी तेव्हा सहा वर्षांचा, घरी. पण लग्नाच्या पंगतीत सांगताना मी तिथे असतो.

हे मात्र पंगतीत सांगत नाही. आजोबांच्या नावचा भूखंड आला तेव्हा वारस बरेच होते आणि त्यांत आत्या होती, गोठिवलीत दिलेली. घरात शिकलेला मी, म्हणून हक्कसोडीचा कागद घेऊन मला पाठवलं. मी तिला रिक्षातून नोंदणीला नेलं. "आत्या, नुसता अंगठा." तिने तो दिला, आणि बोटाची शाई पदराला पुसत मला विचारलं, "जेवलास का रं?" नंतर आम्ही तिला लुगडं नेसवलं. चांगल्यातलं. ते चांगल्यातलं होतं हेही मी दोनदा बोलून दाखवलं, तिच्यासमोरच.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून गेले पाच दिवस ती आमच्याकडेच आहे. काल रात्री तिला झोप येईना. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने स्क्रीन बघत माझ्या शेजारी येऊन बसली. मूळ कथा मी कालच पुन्हा उघडली होती. मी आवाज कमी केला. ती मुलगी चाचपडत चालली होती.

"या पोरीला दिसत नाय?"

"नाय."

"आन् ही मानसं कनाला लागलीत तिच्या मागं?"

"जागा हाय तिच्या नावावर. आज्याची."

आत्या बराच वेळ बघत राहिली.

"मंग तिला सांगितलं का कोनी?"

मी काही बोलायच्या आत टीव्हीतून टण् करून आवाज आला. नगेटने वसुली आणली होती.