लेकीमागे पाव हिस्सा

सप्टेंबर १८१८मध्ये जबलपुरात एका बाईचा लिलाव झाला. नाव पुर्सिया. किंमत आली १७ रुपये. गॅझेटियरात नोंद आहे, म्हणजे सगळं रीतसर झालं म्हणायचं.

नियम इंग्रजांचा नव्हता हो, आपलाच होता. डिसेंबर १८१७पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. विधवा विकाव्यात आणि पैसा खजिन्यात भरावा, बापाने लेक विकली तर किमतीचा पाव हिस्सा सरकारला द्यावा, असा तिथला कारभार. बंगालातून चौथ आणणाऱ्यांनी ती घरच्या लेकीवरही बसवली, एवढंच! आपल्या पोवाड्यांत हा तपशील येत नाही. वृत्तात बसत नसावा.

इंग्रज आले आणि उद्धार झाला, असं म्हणायचीही सोय नाही. लिलावाची तारीख पुन्हा वाचा. नवं सरकार येऊन नऊ महिने झाले होते. नवं सरकार आधी खजिना मोजतं, नियम सवडीने वाचतं.

पुढे याच जबलपुरात ठगांचा कर्दनकाळ स्लीमन नावारूपाला आला. १८३९मध्ये त्याचा एक अहवाल छापला गेला. विषय होता गरीब आईबापांना वाटेत मारून त्यांची लेकरं विकणाऱ्या टोळ्या. खुनासाठी फास तयार होता. पण लेकरू विकत घेणारा? तो सभ्य गृहस्थ. गुलामगिरीविरुद्धचा कायदा यायला अजून चार वर्षं होती. इकडे जबलपुरात माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुलं यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली. भिंतीच्या आत तंबू शिवले जात, गालिचे विणले जात. बापांनी गळे आवळले होते. मुलांचा अपराध काय, तर बाप ठग. सुधारणेचं काम असल्यामुळे त्याला वेठबिगार म्हणत नसत.

१८४३चा पाचवा कायदा आला, त्याचं पहिलंच कलम वाचण्यासारखं आहे. कोर्टाच्या हुकमाच्या अंमलबजावणीसाठी किंवा महसुलाच्या वसुलीसाठी कोणत्याही सरकारी अंमलदाराने माणूस गुलाम म्हणून विकू नये. बाजारातल्या दलालाला दटावण्याआधी सरकारने स्वतःच्याच कचेरीला दटावलं. गिऱ्हाइकांची ओळख पक्की होती.

स्वतंत्र भारतातही जबलपूरने नाव राखलं. ऑक्टोबर १९७५मध्ये आणीबाणीत वेठबिगारी रद्द करणारा अध्यादेश निघाला, फेब्रुवारी १९७६मध्ये त्याचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता. डोक्यावरचं कर्ज एका फटक्यात रद्द. आणि २८ एप्रिल १९७६ला ‘एडीएम जबलपूर’ खटल्याचा निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले आणि सरन्यायाधीशपद गमावून बसले. हिशेब सोपा होता. मालकाने डांबलं तर सरकारकडे या. सरकारने डांबलं तर बसून राहा.

सुटलेल्यांचं पुढे काय झालं? फरिदाबादच्या दगडखाणींतून सोडवून आणलेल्या मजुरांचं पुनर्वसन मध्य प्रदेश सरकारने करावं, म्हणून पत्रकार नीरजा चौधरींना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. निकाल १९८४चा. माणूस सोडवला की फोटो निघतो. त्याने खायचं काय, हा प्रश्न फोटोत येत नाही.

महाराष्ट्राने हसू नये. २०२२मध्ये इगतपुरीजवळच्या उभाडे गावातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला दिल्याचं उघड झालं. मोबदला काय, तर काही शे रुपये आणि एखादी मेंढी. एक मुलगी मेली, तेव्हा गोष्ट बाहेर आली. १८१८च्या लिलावात निदान पावती तरी झाली असेल.

जगभरात सक्तीच्या मजुरीतून वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटना सांगते. नागपूरकरांचे कारभारी असते तर आधी पाव हिस्सा काढून बसले असते.

आपल्याकडे शिक्षाही आहे. बळजबरीने राबवून घेतलं तर १८६०च्या दंडसंहितेत जास्तीत जास्त एक वर्ष कैद होती. २०२३मध्ये गुलामीच्या खुणा पुसत नवी न्यायसंहिता आली. तिच्या १४६व्या कलमात शिक्षा किती? जास्तीत जास्त एक वर्ष. ही खूण पुसायची राहिली.

आणि भरपाई? केंद्राच्या २०१६च्या योजनेत वेठीतून सुटलेल्या पुरुषाला १ लाख, बाई किंवा मुलाला २ लाख, फारच अत्याचार झाला असेल तर ३ लाख. आकडे उदार आहेत. फक्त तातडीची थोडी रक्कम सोडली, तर बाकीचे पैसे मालकाला शिक्षा होण्यावर टांगलेले. म्हणजे वीटभट्टीवरून सुटलेल्या मंडल्याच्या गोंडाने गावी परतायचं, मग तारखांमागून तारखांना परजिल्ह्यातल्या कोर्टात साक्षीला जायचं. रोज बुडतो, भाडं लागतं. भाड्यापुरती उचल मुकादम हसत देतो.